रक्त थांबेपर्यंत

बुलढाण्याच्या एस.टी. स्टँडवर एका माणसानं आपल्या पोराच्या मुस्कटात ठेवून दिली आणि झुंबरच्या हातातली पिशवी गळून पडली. झालं होतं एवढंच, की पोराच्या हातून तुपाची बरणी सुटली होती. फरशीवर काचा आणि तूप पसरलं. एक कुत्रं जीभ लावायला आलं, त्यालाही त्या माणसानं लाथ घातली. पोराच्या नाकातून रक्ताची धार लागली. झुंबरला पुढचं काही दिसेना. गाडीची पाटी, चहाचा ठेला, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन बसलेली बाई, सगळं त्या एका लाल धारेच्या मागे गेलं. तिच्या तोंडून आवाज निघाला असावा, कारण त्या माणसानं तिच्याकडे पाहिलं आणि ओशाळून पोराची हनुवटी वर केली, धोतराचा सोगा त्याच्या नाकाला लावला. पोरगं हुंदके देत उभं राहिलं. थोड्या वेळानं सोगा काढला तेव्हा रक्त थांबलेलं होतं. बापानं त्याला ठेल्यावरून एक भजं घेऊन दिलं, पोरानं ते खाल्लं आणि दोघं मोताळ्याच्या गाडीत चढून गेले. जगात रोज होतं तसं झालं. झुंबरला त्या माणसाच्या मागे धावत जाऊन त्याची गचांडी धरावीशी वाटली. अरे, तुला ठाऊक तरी आहे का तुझ्या पदरात काय पडलंय? तुझा पोरगा मारता येण्याजोगा आहे. मारलं तरी उरणारा आहे. हे तिनं मनातल्या मनात इतक्या जोरात म्हटलं की देऊळघाटची गाडी लागल्याचं तिला कंडक्टरनं सांगावं लागलं.

झुंबर ही देऊळघाटच्या इंद्रभान माळ्याची थोरली. पुण्यात तिचं नाव ऐकून पहिल्या दिवशी सगळी प्रयोगशाळा छताकडे बघून हसली होती, आणि एकदा सभेत तिच्या तोंडून ‘मले असं वाटते’ निघून गेलं तेव्हा पुन्हा हसली होती. हसू द्या. त्या हसणाऱ्यांपैकी कोणाला विषाणू तिच्याइतका कळत नव्हता. विषाणू म्हणजे काय, तर धड जिवंत नाही, धड मेलेला नाही असा एक दाणा. तो पेशीला टोचतो, आपल्यातला मजकूर आत सोडतो आणि पेशी आपलं काम विसरून त्याचं काम करू लागते. शेवटी फुटते. पण काही विषाणू एका जंतूतून निघताना त्याचा एखादा गुण सोबत उचलतात आणि दुसऱ्या जंतूत नेऊन सोडतात. साखर न पचवणारा जंतू मग साखर पचवू लागतो. हे झुंबरनं स्वतःच्या हातानं करून दाखवलं होतं. घरी आली असताना बापानं विचारलं, तू तिथं करतं तरी काय, तेव्हा ती म्हणाली होती, तुम्ही जंबेरीच्या खुंटाला संत्र्याचा डोळा बांधता ना, तसंच, फक्त चाकूच्या जागी रोग आहे. बापाला ते पटलं. डोळा बांधण्यात इंद्रभानचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. साल चिरायची, डोळा आत सरकवायचा, वरून केळीचं सोपट आवळायचं. झाडाला लागतं का, असं तिनं लहानपणी विचारलं होतं. तो म्हणाला होता, लागल्याबिगर काहीच लागत नाही.

तो हात. गाडी पैनगंगेकडे उतरू लागली तसा तो हात तिच्या डोळ्यांपुढे आला आणि हलेना. पहिला मोतीराम. झुंबरच्या पाठचा. नुकता चालायला लागला होता, उंबऱ्याला अडखळला आणि दात जिभेत रुतला. जीभ ती केवढी आणि जखम ती केवढी, पण मायचं लुगडं भिजलं, गोधडी भिजली, दुसऱ्या दिवशी अंगणातला ओटा भिजला. तुरटी झाली, हळद झाली, कोळ्याचं जाळं झालं. पोरगं पांढरं पडत पडत कागदासारखं झालं आणि गेलं. झुंबरला त्यातलं फार आठवत नाही. आठवतो तो नंतरचा आवाज. बाप मायला मारत होता तो आवाज. तुह्या रक्तात खोट आहे, असं म्हणत मारत होता, प्रत्येक शब्दाला एक. ‘तुह्या’ला एक, ‘रक्तात’ला एक. मायचा डावा कान तेव्हा गेला. अजूनही मंजुळाबाईशी बोलायचं तर उजव्या अंगाला जाऊन बसावं लागतं, आणि गावातल्या बायका म्हणतात, मंजुळीले गर्व झाला, हाक मारली तं पाहत नाही.

मग पुंजाजी. त्याच्या अंगावर निळे डाग पडायचे, गुडघे सुजायचे. माय त्याला काचेच्या बांगड्यांसारखा जपायची. झाडावर चढू नाही, विटीदांडू खेळू नाही. पोरगं चुलीजवळ बसून वांग्याची देठं मोडायचं आणि झुंबरनं शाळेतून आणलेलं पुस्तक तिच्याआधी वाचून टाकायचं. बापाला हे बघवायचं नाही. पोट्ट्याची पोट्टी करून ठेवली, म्हणायचा. एका दुपारी त्यानं पुंजाजीला मिरचीला पाणी द्यायला उभं केलं. पोरगं पाण्याच्या दांडाच्या कडेला बसलं, पाण्यात काडी सोडून तिच्यामागे बघत राहिलं, आणि दांड फुटून सगळं पाणी शेजारच्याच्या वावरात गेलं. बाप मोटेवरून उतरून आला. एकच मारली, कानशिलावर. रक्ताचा थेंब नाही, काही नाही. पुंजाजी रडलाही नाही, उठून दांड बांधू लागला. घरी आल्यावर डोकं दुखतं म्हणाला, उलटी झाली, मायच्या मांडीवर झोपला. तो उठलाच नाही. ऊन लागलं, असं बापानं गावाला सांगितलं आणि गावानं ते मानलं, कारण उन्हाळा होता आणि ऊन कोणालाही लागतं. रात्री मायला पुन्हा मारलं. त्या वेळी शालू मायच्या पोटात होती.

झुंबर शिकली ती या एका गोष्टीपायी. माय खोटी नाही, हे तिला सिद्ध करायचं होतं. दुसरं काही नाही, देशसेवा नाही, ज्ञानाची भूक नाही. नागपूरच्या कॉलेजात एका दुपारी प्राध्यापकांनी फळ्यावर एका राजघराण्याचा वंशवृक्ष काढला. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. रक्त न थांबण्याचा हा आजार चौकोनांना होतो, म्हणाले, पण तो येतो गोलांकडून. बाई स्वतः धडधाकट असते आणि मुलाला देते. बापाचा यात काही संबंध नसतो. त्यांनी खडू झटकला आणि पुढचा मुद्दा घेतला. झुंबर बाहेर जाऊन व्हरांड्याच्या कठड्यावरून ओकली. म्हणजे बाप खरं बोलत होता. प्रत्येक शब्दाला एक मारताना तो खरं बोलत होता. अक्षरशत्रू माणूस, माणसाच्या रक्तातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, आणि सगळं शास्त्र जाऊन त्याच्या बाजूला उभं राहिलं होतं. त्या दिवशी तिला बापाचा जेवढा राग आला त्याहून जास्त शास्त्राचा आला, आणि त्याच रागानं तिनं पुढची सगळी वर्षं काढली. खोट बाईच्या रक्तात असेल तर असो. मी तिथं जाऊन ती काढीन. जो दाणा साखर पचवायला शिकवतो तो रक्ताला थांबायला का नाही शिकवणार?

तो शिकवत नव्हता. पुण्याला बाटलीत वाढवलेल्या पेशींवर तिनं विषाणू सोडले की सकाळपर्यंत पेशी फुटून तळाशी गाळ व्हायचा. रक्त गोठवणारा गुण नेमका कुठं असतो हे मुळात त्या काळी जगात कोणाला ठाऊक नव्हतं, मग ती तो उचलणार कशानं? प्रयोगशाळेचे सर भले होते. बाई, तुमचा विचार चांगला आहे, म्हणायचे, पण तो तुमच्या-माझ्या हयातीत व्हायचा नाही, तुम्ही आपलं गोवरावर काम करा. ती मान हलवायची आणि पुन्हा बाटल्या लावायची. सशांचं रक्त तीच काढायची. शिपायाचा हात थरथरायचा, तिचा नाही. सशाच्या कानाची शीर बोटानं टिचकी मारून फुगवायची आणि सुई घालायची. काम संपलं की मागचे पाय धरून ससा उलटा करायचा आणि मानेमागे तळहाताच्या कडेनं एकच मारायची. एकच पुरायची. पहिल्यांदा ती मारली तेव्हा तिनं आपल्या हाताकडे पाहिलं होतं. रुंद तळवा, आखूड बोटं, अंगठा बाहेर वळलेला. हात बापाचा होता.

लग्न तिनं केलं नाही. शालूचं ठरलं तेव्हा ती मुद्दाम गावी आली आणि बापाला म्हणाली, मुलाकडच्यांना सांगितल्याशिवाय हे लग्न करू नका, शालूच्या मुलांना ते होऊ शकतं. बाप सांबाराला पाणी शिंपत होता. उठला आणि त्यानं तिच्या तोंडात मारली. पुण्यातल्या, पगार घेणाऱ्या, चष्मा लावणाऱ्या मुलीच्या. ओठ फुटला, थोडं रक्त आलं आणि थांबलं. खोट तुह्या मायची, तो म्हणाला, माह्या घराची नाही, आणि तोंड उघडलं तं शालू जलमभर घरात बसंल, तुह्यासारखी. शालू धामणगाव बढ्याच्या महादेवरावांच्या घरात सून म्हणून पडली. आता तिला मुलगा झाला होता. आज बारसं. सासरची माणसं येणार, पाळणा होणार आणि रिवाजाप्रमाणे सोनार पोराचे कान टोचणार. बापानं दुसऱ्याकडून लिहून घेतलेल्या कार्डात ही शेवटची ओळ वाचल्यापासून झुंबर एकच गणित मांडत होती. शालूत ते उतरलं असण्याची शक्यता निम्मी, आणि तिच्यातून पोरात उतरण्याची त्याच्याही अर्धी. पोर चांगलं असेल तर कानाला एक थेंब येईल आणि पेढे वाटले जातील. कधी नव्हे ते तिला आपल्या शास्त्राकडून दान हवं होतं.

घरी पोचली तर मांडव, सतरंज्या, चुलवणावर वरणाचं पातेलं. मायनं तिला बघितलं आणि हाताला धरून बाळंतिणीच्या खोलीत नेलं. शालू शेगडीवर पाय शेकत बसली होती, अंगानं भरलेली, खूश. बघ ताई, माह्यावर गेला का त्यायच्यावर, म्हणाली. मायनं पोर मांडीवर घेतलं, शालूला न्हाणीत पाठवलं आणि लंगोट सोडला. मांड्यांवर, कुल्ल्यांवर निळे चट्टे होते, तेल लावणाऱ्या बाईच्या बोटांचे. वर हळद चोळलेली होती. सासूला दिसू नये म्हणून मायनंच चोळली होती. झुंबरनं एका चट्ट्यावर बोट ठेवलं. खाली गाठ होती, अळूच्या कांद्याएवढी. तिच्या डोक्यातलं सगळं गणित संपलं.

“मोत्याले असेच होते,” माय म्हणाली. “तू शिकली. सांग आता. आहे का तुह्याजवळ काही?”

एवढी वर्षं, एवढे ससे. पोतडीत काय होतं, तर गाळ. नाही, असं झुंबर मायच्या उजव्या कानात म्हणाली. मग कान टोचू द्यायचे नाहीत, माय म्हणाली, अन् काऊन टोचायचे नाहीत हे सांगायचं बी नाही. सांगितलं तं पोरीले इथंच सोडून जातीन. मग माह्यासारखं. तिनं लंगोट बांधला. मायच्या मनगटाचं हाड एका जागी वाकडं जुळलेलं होतं. झुंबर ते लहानपणापासून बघत आली होती, पण आज तिला ते हाताळून बघावंसं वाटलं.

ती गोठ्यात बापाकडे गेली. इंद्रभान आता सत्तरीला टेकला होता, पण बैलाला आडवं पाडील असा. नवं धोतर, डोक्याला फेटा. तिनं सांगितलं, पोराला तोच आजार आहे, कान टोचले तर रक्त थांबणार नाही, काहीतरी निमित्त काढून आज टाळा. त्यानं तिचं मनगट धरलं आणि पिळलं, सवयीनं, जसा दोर पिळतो.

“पोट्टं गेलं तं दुसरं होईन,” तो म्हणाला. “पोरगी परत आली तं कुठी ठेवू? तू मधात पडू नको.”

तो वाईट माणूस होता असं म्हणून मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. त्याच्या डोळ्यांत भीती होती, तिला स्पष्ट दिसली. मोतीरामला मातीत ठेवताना तो खड्ड्यात उतरून बसला होता आणि चौघांनी त्याला वर काढला होता, हेही तिला आठवलं. पण ते आठवून तिच्या मनगटाची आग कमी झाली नाही. ती शालूच्या सासूकडे गेली. सरस्वतीबाई गोड बाई, तोंडात पान, हातात सोन्याची तार ठेवलेली डबी. पोर फार लहान आहे, कान पुढच्या वर्षी टोचू, झुंबर हसत म्हणाली. सरस्वतीबाईही हसल्या. सोनारानं टोचले तं दुखत नाही म्हणतात बाई, तुमी शिकलेले लोकं उगाच भेता, त्या म्हणाल्या, आणि मग जरा डोळे बारीक करून, काऊन, पोराले काही आहे का? नाही, झुंबर म्हणाली. घाईनं म्हणाली. सरस्वतीबाईंनी पान गालात फिरवलं.

पाळणा झाला. नाव ठेवलं. सोनार पाटावर बसला, त्यानं सुई निखाऱ्यावर धरली, मग तेलात बुडवली. शालू पोर घेऊन समोर बसली आणि पोराचं डोकं तिनं एका बाजूला वळवलं. कान. केवढासा, आरपार उजेड दिसणारा. सशाच्या कानासारखा, असं झुंबरच्या मनात आलं आणि तिला स्वतःची किळस आली. सांगावं तर शालू मेली, न सांगावं तर पोर. यातलं एक निवडायला कोणी तिला नेमलं होतं? सोनारानं टिचकी मारून पाळी लाल केली. तेव्हा तिला तानुबाई आठवली. तानुबाई त्यांच्या भिंतीपलीकडची, नवरा दारू पिऊन तिला मारायचा. मग एका आखाडात तानुबाईच्या अंगात मरीमाय आली. त्या दिवशी नवऱ्यानं तिच्यापुढे लोटांगण घातलं होतं, तिनं त्याच्या पाठीवर पाय दिला होता आणि गाव हात जोडून उभं होतं. लहानगी झुंबर अगदी पुढे बसून बघत होती, कशी सुरुवात होते, आधी श्वास, मग मान, मग केस. तिनं तेव्हाच ठरवलं होतं की हे खोटं आहे.

तिनं चष्मा काढून कोनाड्यात ठेवला. केसांतले आकडे काढले. हे सगळं तिनं बाटल्या मांडताना करते तसं थंडपणे केलं. आधी श्वास. नाकातून आत, तोंडातून बाहेर, घशात अडवून. हूं. जवळच्या बाईनं वळून पाहिलं. हूं. मान डावीकडे, मान उजवीकडे. केस तोंडावर आले. इथपर्यंत ती होती. इथपर्यंत तिला ठाऊक होतं की आता सोनाराच्या हातावर झेप घ्यायची आणि सुई उडवायची. झेप घेतली. सुई उडाली, तेलाची वाटी उडाली, निखारे सतरंजीवर सांडले, बायका किंचाळत मागे सरल्या. आणि मग तिच्या घशातून जो आवाज आला तो तिनं काढलेला नव्हता. पेशीत काहीतरी शिरतं तेव्हा बाहेरून ती तशीच दिसते. किती तास ती भिंगाखाली हे बघत बसली होती. आत मात्र दुसऱ्याचं काम सुरू झालेलं असतं.

“या लेकराले लोखंड लावाल तं एकेकाचं घर खाईन,” तो आवाज म्हणाला.

मरीमाय, मरीमाय, असं कोणीतरी म्हणालं आणि मांडव वाकला. पंजाबराव, शालूचा नवरा, पायातल्या वहाणा काढून उघड्या निखाऱ्यांजवळच गुडघ्यांवर बसला. सरस्वतीबाईंनी पदर पसरला, चुकलं माय, चुकलं. त्या पदरात तिनं सोन्याच्या तारेची डबी भिरकावली. हे लेकरू माह्यं, ही पोरगी माही, हिले बोल लावीन त्याची जीभ झडंल, लेकरावर हात टाकीन त्याचा हात झडंल. कोणी सुई लावायची नाही, कोणी मारायचं नाही, पडू द्यायचं नाही, मी सांगेपर्यंत. तिच्या आत, मागच्या कोपऱ्यात बसलेला एक हिशेबी माणूस अजून जागा होता आणि तो म्हणत होता, झालं, काम झालं, आता थांब, पड, शुद्ध हरव. ती थांबेना. तिला बाप दिसला. फेटा काढून हातात घेऊन तो उभा होता, मान खाली घालून, सगळ्यांसारखा. तिचा हात वर गेला.

पहिली बसली ती त्याच्या गालावर. आवाज तोच होता. लहानपणी माय मार खायची तेव्हा भिंतीपलीकडून ऐकलेला, तंतोतंत. म्हणजे हात बापाचाच होता याबद्दल शंका नको. दुसरी कानशिलावर. ‘तुह्या.’ तिसरी. ‘रक्तात.’ शब्द तोंडातून निघत होते की मनात होते कोण जाणे. इंद्रभान गुडघ्यांवर आला. त्यानं हात वर केला नाही. देवीपुढे कोण हात वर करील? तोंडानं तो माय, माय एवढंच म्हणत होता. तिनं तोरणाचा कडुलिंबाचा डहाळा ओढून काढला आणि त्यानं मारलं, पाठीवर, मानेवर, उघड्या टाळूवर. डहाळा मोडला तेव्हा पुन्हा हातानं. त्याच्या नाकातून रक्त आलं, पांढऱ्या धोतरावर पडलं. तिला बरं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही, इतकं बरं तिला कुठल्याही प्रयोगानं कधी वाटलं नव्हतं. मानेमागे तळहाताच्या कडेनं एकच, आणि हा संपेल. म्हाताऱ्याची मान वाकलेलीच होती. तिनं हात उचलला आणि मोजून तिरका धरला, सशासाठी धरते तसा.

“माय.”

हाक मंजुळाबाईची होती. ती पुढे आली होती. हातात हळदीकुंकवाची ताटली. तिनं झुंबरच्या कपाळावर कुंकू थापलं, आणि तो उचललेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, लोक देवीचा घेतात तसा. पण तिच्या डोळ्यांत भक्ती नव्हती. समोर कोण आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. आई होती ती.

“एक विचारतो माय,” ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. “माहे दोन गेले. मोत्या गेला, पुंजाजी गेला. कोणाच्या रक्ताची खोट होती? माह्या का यायच्या? तुले तं सगळं दिसतं. आज सांग.”

आणि उत्तरासाठी तिनं मान वळवून उजवा कान पुढे केला.

शालूनं मान वर केली. तिला पुंजाजीबद्दल फक्त ऊन माहीत होतं. सरस्वतीबाईंच्या पसरलेल्या पदरात डबी तशीच होती. झुंबरला फळा दिसला, चौकोन दिसले, गोल दिसले. तिनं आयुष्यात एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. बापाचं, असं म्हटलं तर माय जिंकली, आणि ते साफ खोटं. मायचं, असं म्हटलं तर तीस वर्षांचा मार खरा. एवढ्यासाठी ती शिकायला गेली होती आणि उत्तर घेऊन यायला तिला उशीर झाला होता. इंद्रभाननं मान वर केली. त्याच्या मिशीवर रक्त सुकत आलं होतं. त्यालाही ऐकायचं होतं. जन्मभर खात्रीनं बोललेला माणूस आता घाबरून तिच्या तोंडाकडे बघत होता.

“रक्तानं एक नेला,” ती म्हणाली. आवाज बसलेला होता आणि तिचा स्वतःचा होता. “पुंजाजीले रक्तानं नाही नेलं. हातानं नेलं.”

सासरच्या माणसांना हाताचं काही कळलं नाही, आणि रक्ताचं ज्याला कळलं असेल त्याची जीभ देवीनं आधीच बांधली होती; त्यांनी आपलं देवीचं बोलणं म्हणून नमस्कार केला. ज्याला कळायचं त्याला कळलं. इंद्रभाननं आपला उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि तो त्याच्याकडे बघत बसला, मोटेवरून उतरून आल्यासारखा दमलेला. मग तो रडू लागला. मंजुळाबाईनं त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. मान हळूहळू सरळ करत ती शालूकडे गेली, तिच्या मांडीवरून पोर उचललं, छातीशी धरलं आणि आत नेलं, जाताना दार लावून घेतलं.

बायकांनी झुंबरला धरून ओट्यावर बसवलं, लिंबू कापलं, पाणी आणलं. ती शुद्धीवर आली असं धरून चालून कोणीतरी तिचा चष्मा तिच्या हातात दिला. तोंडात खारट चव होती. कधीतरी मध्येच तिनं जीभ चावली होती, खोल. तिनं ओट्याच्या कडेला थुंकलं, लाल. पुन्हा थुंकलं. अंगणात सोनार गुडघ्यांवर वाकून आपली सुई शोधत होता. पुढच्या वेळी फिकट गुलाबी आलं. मग नुसतीच थुंकी. तिचं रक्त थांबलं होतं. तिचं नेहमीच थांबायचं.